घरातलं एक लेकरू

कमलाकरनं डोळे मिटले, घसा साफ केला आणि प्रार्थनेचा शेवटचा भाग सुरू केला. उजव्या हातात बायकोचा, ललिताचा हात होता, डाव्या हातात मुलीचा, सुवार्ताचा.

"आणि हे प्रभू, या घरात एक लेकरू आहे. त्याला वाटतं, प्रार्थना करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. त्याच्या मनातली शंका तू दूर कर. दोन आठवड्यांनी ते तुझ्यासमोर उभं राहणार आहे. त्याला त्या लायक कर."

"आमेन," सगळे म्हणाले. आवाज दहा यायला हवे होते. नऊच आले, आणि कुठला आला नाही हे त्याला डोळे न उघडताही कळलं. डाव्या हातातला हात एकदम सैल पडला होता.

महाडात त्यांच्या मंडळीचं चर्च नव्हतं. महाड-पोलादपूर धरून चार घरं, ती दर शुक्रवारी संध्याकाळी कुणा एकाकडे जमत. पाळकसाहेब पनवेलहून महिन्यातून एकदा येत, बाकीच्या शुक्रवारी साखळी प्रार्थना. गोल बसून हात धरायचे आणि एकेकानं मोठ्यानं बोलायचं. ज्याला बोलायचं नसेल त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, की पाळी पुढे जाते. मुलं बहुतेक दाबूनच मोकळी होत. कमलाकरनं एकोणीस वर्षांत एकदाही हात दाबला नव्हता. त्याची प्रार्थना ऐकत राहावी अशी असे, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

सुवार्तानं शेजारच्या चंद्राबाईंचा हात दाबून आपली पाळी संपवली.

चंद्राबाई पोलादपूरच्या, दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. चहा घेताना त्या मायेनं म्हणाल्या, "काय गो बाय, मन लागत नाय का तुजं? व्हतं असं. तुज्या वयात माजं पन तसंच हुतं."

खोलीतलं बोलणं थांबलं. सुवार्ताच्या हातातला ट्रे हलला नाही.

"साखर कमी वाटतेय का बघा, आजी," ती म्हणाली.

सगळे गेल्यावर तिनं सतरंजीची घडी घातली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "पप्पा, तुम्ही माझी वही वाचलीत."

"मी कुठे तुझं नाव घेतलं?"

"घरात लेकरू एकच आहे."

ती आत गेली. दार तिनं आपटलं असतं तर कमलाकरला बरं वाटलं असतं, रागवायला तरी मिळालं असतं.

ती वही पाळकसाहेबांनी दृढीकरणाच्या तयारीसाठी दिली होती. बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी बाळाच्या वतीनं दिलेला शब्द, बाळानं मोठं होऊन स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर द्यायचा, ते दृढीकरण. त्याआधी मनात येईल ते लिहा, ते तुमच्यात आणि प्रभूत राहील, असं साहेबांनी मुलांना सांगितलं होतं. कमलाकर तिच्या टेबलावर चार्जर शोधायला गेला तेव्हा वही उघडी होती. त्यानं एक पान वाचलं आणि वही होती तशी ठेवून दिली. बोलावं तर पोरगी चिडेल, न बोलावं तर आपण बाप कसले, म्हणून त्यानं मधला रस्ता काढला. प्रार्थनेला कुणी उलट उत्तर देत नाही, ही सोयही त्यात होतीच.

"तिची माफी मागा," ललिता म्हणाली.

"अगं, मी तिच्या भल्यासाठीच..."

"मग भल्यासाठीच मागा."

त्यानं मागितली नाही. सहा दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. सुवार्ता दृढीकरणाला उभी राहणार की नाही, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.

गुरुवारी तो एमआयडीसीतून पहिली पाळी संपवून आला. रोजच्यासारखी इमारतीखाली बाइक बंद केली आणि तसाच बसून राहिला. डब्याच्या पिशवीच्या मागच्या कप्प्यातलं काहीतरी पाठीला टोचलं म्हणून हात घातला, तर वही. वर चिठ्ठी होती: 'अर्धंच वाचलंत.'

भिंतीचं वाक्य पानाच्या तळाशी होतं. त्यानं पान उलटलं.

'हे पप्पांना विचारायचंय. ते ड्यूटीवरून आले की बाइक बंद करून पाच मिनिटं तसेच बसतात. मी वरून बघते. तेव्हा त्यांचा चेहरा शुक्रवारसारखा नसतो. त्यांनापण समोर भिंत वाटत असेल का? दृढीकरणाच्या आधी विचारीन. ते मला खोटं सांगणार नाहीत.'

कमलाकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं वर खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. चोरून वाचल्याची लाज होतीच, पण त्याहून मोठी लाज ही, की पोरीनं ओळखलं होतं ते खरं होतं. ज्या वाक्यासाठी त्यानं तिला दहा माणसांत उघडं पाडलं, ते त्याच्या स्वतःच्या मनात कित्येक वर्षं पडून होतं. लांबलचक प्रार्थनांखाली त्यानं ते बरं झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळी पोलादपूरला चंद्राबाईंकडे जमली. सुवार्ता येऊन त्याच्या शेजारीच बसली. पाळी फिरत फिरत ललितापर्यंत आली, तिनं थोडक्यात प्रार्थना केली, आणि सगळे सवयीनं जरा सैलावून बसले. आता कमलाकरभाऊ, म्हणजे दहा मिनिटं.

कमलाकरनं सुवार्ताचा हात दाबला.

ती काही बोलली नाही. तिनं चंद्राबाईंचा हातही दाबला नसावा, कारण त्याही गप्पच होत्या. मग त्याचाच हात परत दाबला गेला. साखळी उलटी कधी फिरत नाही. एकोणीस वर्षांत फिरली नव्हती.

"प्रभू," तो म्हणाला. नेहमीचा आवाज लागला नाही. "गेल्या शुक्रवारी मी दुसऱ्याच्या वहीतलं बोललो. चोरून वाचलेलं. आज माझं बोलतो. ती भिंत... माझ्यापुढे पण आहे. पुष्कळ वर्षं झाली."

पुढचं वाक्य येईना. कुणी आमेन म्हणेना. चंद्राबाईंनी घसा साफ केला आणि त्याही थांबल्या.

"आमेन," सुवार्ता म्हणाली.

प्रार्थना संपली असं वाटून बाकीच्यांनी डोळे उघडले. कमलाकरचे मिटलेलेच होते. त्याच्या हातातला हातही कुणी सोडवून घेतला नव्हता.