कुसाबाईचा डबा

पुंजाबाबांच्या मनगटावर रुपयाएवढा डाग उठला, तेव्हापासून ते नातीला जवळ घेईनात. तीन वर्षांची तेजू धावत आली की ते उठून कांद्याच्या चाळीकडे चालू लागायचे. ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा. डाग काळा पडून निवला होता, तो महिन्याने त्याच जागी पुन्हा लाल होऊन पेटला. या खेपेला ओठावरही आला. हा महारोगच, असं त्यांनी मनाशी धरलं. कुणाला सांगितलं मात्र नाही. असलं सगळं सांगायचं ते बायकोला, कुसाबाईला, आणि ती दिवाळीआधी गेली.

शेवटी सून योगिनीने त्यांना गाडीत घालून लासलगावहून नाशिकला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं. बाईंनी डागावरून उघडं बोट फिरवलं. बाबांनी हात मागे ओढला.

गोळ्या कोणत्या घेता, बाईंनी विचारलं. कोणत्याच नाय, बाबा म्हणाले. योगिनीने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. कुसाबाईचा औषधांचा डबा. ती गेल्यावर पोट बिघडलं तेव्हा बाबांनी दोनदा त्यातली पिवळी गोळी घेतली होती. डबा टाकायला त्यांचा जीव होत नव्हता.

बाईंनी दिवस जुळवून पाहिले: दोन्ही वेळा गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी डाग उठला. आधी कधी असं झालं होतं का, त्यांनी विचारलं. मग बाबांना आठवलं. फार वर्षांपूर्वी असाच ओठ काळा पडला होता. बिडी न ओढता हे कसं, म्हणून कुसाबाईने चेष्टा केली होती. पुढे दर डॉक्टरला तीच सांगायची, यांना पिवळी गोळी चालत नाय. बाबांनी कधी लक्षच दिलं नव्हतं.

"रोगबिग काही नाही, बाबा. ती गोळी अंगावर उठते तुमच्या. आता पुन्हा घ्यायची नाही. डाग जाईल हळूहळू."

"मंग नातीला घेतलं तर चालंल?"

"घरी गेल्या गेल्या घ्या."

बाबांनी तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं.

बाईंनी गोळीचं नाव एका कार्डावर लिहून दिलं. दर डॉक्टरला आधी हे दाखवायचं. बाबांनी ते बंडीच्या खिशात घालून वरून बटण लावलं. आता आपलं आपणच सांगायचं होतं.

घरी तेजू दारातच होती, पण सवयीने लांब थांबली. बाबा उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी हात पुढे केले. ती मांडीवर चढली, ओठाकडे बघत राहिली.

"बाबा, जांभूळ खाल्लं?"

"खाल्लं," बाबा म्हणाले. "तुझ्या आजीच्या डब्यातलं."