व्हर्नाचा झोपवलेला गुलाब

मिनेसोटात थंडीसाठी गुलाब नुसता झाकत नाहीत, झोपवतात. ऑक्टोबरात झुडपाच्या एका अंगाची मुळं मोकळी करायची, शेजारी चर खणायचा, अख्खं झुडूप त्यात आडवं करून वर माती आणि पाचोळा लोटायचा. एप्रिलमध्ये उठवायचं. यात घाई चालत नाही, आणि आर्डिसचा सगळा जन्म घाईत गेलेला!

तिची थोरली बहीण व्हर्ना खुब्याचं हाड मोडून शुश्रूषागृहात पडली होती. तिच्या नवऱ्याने, एइनारने, वारायच्या आदल्या वर्षी लावलेला गुलाब झोपवायचं काम आर्डिसकडे आलं. त्या संध्याकाळी चर्चमध्ये माशाचं जेवण होतं. मुळं धड सुटलीही नव्हती, तोच आर्डिसबाईंनी झुडूप रेटलं. ते बुंध्यापाशी, कलमाच्या जागीच काडकन मोडलं. आर्डिसने इकडेतिकडे पाहिलं, मोडलेलं झुडूप तसंच चरात ठेवलं, माती लोटली आणि जेवायला वेळेवर पोचली.

रविवारी व्हर्नाने विचारलं, "झोपला का गं नीट?"

"गाढ," आर्डिस म्हणाली.

"सावकाश वाकवलास ना? तू आपली सदा घोड्यावर."

"अगं हो बाई, हो!"

बर्फ पडला की आर्डिस त्या चराकडे बघायचंच टाळायची. व्हर्नाला मात्र हुरूप आला होता. "माझ्या एइनारचा गुलाब मीच उठवणार," असं नर्सला बजावत ती दातओठ खाऊन वॉकर धरून चालायच्या खेपा घालायची. आता खरं सांगितलं तर ही पुन्हा अंथरूण धरेल, अशी आर्डिस स्वतःची समजूत घालायची. कसली समजूत! तिला बोलायची भीती वाटत होती, एवढंच. आणि त्याची तिला लाज वाटत होती.

एप्रिलमध्ये आर्डिस तिला गाडीतून घरी घेऊन आली. व्हर्ना वॉकर टेकत अंगणात उतरली.

"आण ते फावडं इकडे."

आर्डिसने फावडं सोडलं नाही. "व्हर्ना, तो मोडलाय. मीच मोडला. ऑक्टोबरातच."

व्हर्नाने वॉकरच्या पायाने चरावरचा पाचोळा बाजूला सारला.

"मी पुन्हा घरी एकटी राहू शकेन, असं डॉक्टर म्हणाले, हे तूच सांगितलंस मला. तेही असंच का?"

"नाही गं! ते खरंच म्हणाले. शप्पथ!"

डॉक्टर खरोखरच तसं म्हणाले होते. पण व्हर्नाने वॉकर गाडीकडे वळवला.

"मला परत नेऊन सोड," ती म्हणाली.