काटवलाची सोयरीक

नागपूरकडच्या माणसाला श्रावणात काटवलाची भाजी मिळाली नाही, तर तो जेवतो, पण जेवलो असं काही म्हणत नाही. भोपाळच्या बाजारात हीच लिंबाएवढी हिरवी काटेरी फळं ककोडा म्हणून मिळतात. पण घरच्या वेलीची सर बाजारच्या टोपलीला येत नाही, असं सुमनचे सासरे म्हणायचे. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांनी अख्ख्या कुंपणावर काटवल चढवली होती. थंडीत वेली वाळून जायच्या आणि पाऊस पडला की मातीतले कंद आपसूक फुटायचे.

क्वार्टर पाडायला निघालं तेव्हा सासरे हयात नव्हते. सुमननं कंद उकरले. कुंपणाच्या मधोमधचा मोठा कंद तिनं स्वतःला ठेवला, त्याचे तुकडे करून अयोध्या नगरच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये लावले. फाटकाजवळचा कंद धाकट्या दिराला, गोविंदला दिला. यात तिची लबाडी नव्हती. तो कंद हाताशी होता, एवढंच.

पहिल्याच पावसाळ्यात गोविंदची वेल फुलली, पण फळ एक नाही. एका रविवारी तो भावाकडे जेवायला आला, तर ताटात काटवलाची भाजी!

"तुमच्याकडे आली वाटतं, वहिनी?"

भाजी बाजारातली होती. सुमनच्या वेलींचीही फुलं नुसती गळत होती. पण हातात वाढायचा चमचा, समोर दीर, आणि हातगुणाचा प्रश्न. ती म्हणाली, "आली की."

झालं! पुढच्याच महिन्यात नात्यातल्या एका बारशाला गोविंदनं चारचौघांत तोंड सोडलं. वाटणीत मला वांझ कंद आला म्हणे. लहानपणापासून असंच आहे, दादाचं झालं की उरलेलं माझं. सुमनही काही कमी नव्हती. "कंदाला काय बोल लावता? हाताला गुण लागतो," ती म्हणाली. तेव्हापासून गोविंदनं अयोध्या नगरचा रस्ता सोडला, त्याला तीन वर्षं झाली.

सुमनला गोविंदचं एवढं नव्हतं. तिला नवऱ्याचं होतं. पूर्वी महाराणा प्रताप नगरातलं झेरॉक्सचं दुकान बंद केलं की गोविंद थेट इकडे यायचा आणि दोघे भाऊ गच्चीवर बसून भांडायचे. शाळेतल्या कुठल्या मास्तरांना टक्कल होतं इथपासून पोह्यांत शेव घालावी की नाही इथपर्यंत काहीही चालायचं. आता भालचंद्र संध्याकाळी एकटाच वर जायचा आणि एक शब्द न बोलता खाली यायचा. "फोन करा ना," असं सुमननं सुचवलं, की "त्यानं करावा," एवढंच उत्तर. नवऱ्याचा तो गप्प चेहरा पाहून तिचा जीव तुटायचा, पण माघार घ्यायची तर ती भाजी आडवी यायची.

यंदाच्या श्रावणात तिची मुलगी शिल्पा सुट्टीच्या दिवशी आईबरोबर कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर आली. शिल्पा एका कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवते. दिवेलागणीला काटवलाची पिवळी फुलं उमलत होती. तिनं एक तोडून पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सगळ्या कुंड्यांतली फुलं तपासली.

"आई, या तर सगळ्या बायकाच आहेत!"

"काय बोलतेस?"

"अगं, फुलाखाली ही काटेरी गाठ दिसते ना, ती मादी फुलाची. काटवलात नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. आणि तू तर एकाच कंदाचे तुकडे लावलेस. तुकड्यातून येते ती नवी वेल नसतेच, जुनीच पुन्हा उगवते. बहिणीपण नाहीत या, एकच बाई सहा कुंड्यांत बसलीय. नराचा पराग मिळाल्याशिवाय फळ येईल कुठून? सीधी बात आहे."

"आणि नर वेलीला?"

"तिला नुसती फुलं. फळ सात जन्मांत नाही."

सुमन पालथ्या बादलीवर मटकन बसली. आधी तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग तिनं फोन मागितला.

"बोला वहिनी," पलीकडून गोविंद म्हणाला. आवाज कोरडा ठणठणीत.

"भाऊजी, तुमची वेल आहे का अजून?"

"आहे. दरवर्षी उपटीन म्हणतो, पण बाबांच्या हातची म्हणून राहते."

"फुललीय?"

"काऊन चिडवता वहिनी? त्यासाठी फोन केला का?"

सुमननं डोळे मिटून घेतले. "माझ्या वेलींना आजवर एक फळ आलेलं नाही. त्या दिवशीची भाजी बाजारातली होती. मी खोटं बोलले, भाऊजी. आणि तुमची वेल वांझ नाही. ती नर आहे. तिच्यावाचून माझ्या सगळ्या वेली नुसत्या उभ्या आहेत."

पलीकडे गोविंद इतका मोठ्यानं हसला, की फोनमधला तो आवाज ओळखून भालचंद्र जिना चढून वर आला.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गोविंद शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कोलार भागातून स्कूटरवर आला. हातात स्टीलचा डबा, डब्यात ओल्या रुमालाखाली फुलं. "मुलाकडचे आलो आहोत," तो दारातूनच म्हणाला. भालचंद्रनं घड्याळाकडे पाहिलं. "उशीर केलास," तो म्हणाला. तीन वर्षांनी भेटलेल्या भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

शिल्पानं दाखवलं तसं त्यांनी नर फुलाच्या पाकळ्या मागे सारल्या आणि आतली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मध्ये हलकेच टेकवली. फूल रोज नवं उमलणार, म्हणून गोविंदला रोज येणं आलं. फूल कुठल्या बोटात धरावं यावरून दोघे भाऊ पहिल्याच दिवशी भांडले आणि सुमनला घर भरल्यासारखं वाटलं. आठवडाभरात गाठी गळायच्या थांबल्या आणि फुगू लागल्या. पहिली भाजी झाली तेव्हा गोविंदनं पातेलं पुसून खाल्लं.

दिवाळीनंतर वेली वाळल्या. एका संध्याकाळी गोविंद पिशवी घेऊन गच्चीवर आला. पिशवीत नर कंदाचा चांगला जाडजूड तुकडा होता.

"लावून टाका वहिनी. पुढच्या पावसाळ्यात नर तुमच्याच गच्चीवर. शिल्पा म्हणते, पतंग-किडे आपोआप काम करतील. मग मला रोज भोपाळच्या या टोकाहून त्या टोकाला यायला नको."

भालचंद्रनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती परत गोविंदच्या हातात दिली.

"जागा नाही," तो म्हणाला.

"दादा, एवढी गच्ची रिकामी पडलीय!"

"नाही म्हटलं ना. तुझी वेल तुझ्याकडे राहू दे. तू फुलं आणत जा."

गोविंदनं वहिनीकडे पाहिलं. त्यानं फोनवर सांगितल्यावर सुमननं त्याच सकाळी या कंदासाठी शेणखत घालून एक नवी कुंडी भरून ठेवली होती. ती हळूच त्या कुंडीच्या पुढ्यात सरकली आणि पदर पसरून उभी राहिली.

"खरंच हो भाऊजी, मुंगीला जागा नाही."

"बरं बाप्पा, आणतो फुलं. पण ती यायची पावसाळ्यात," गोविंद म्हणाला. "तोवर काय करू?"

"तोवर रिकाम्या हातानं ये," भालचंद्र म्हणाला आणि भावासाठी खुर्ची ओढली.