दहात आठ सांगणारा फळा

मित्रांनो, मी एक जुना बुचाचा फळा आहे. लांबी सहा फूट, उंची चार फूट, भोवती लाकडी चौकट, आणि अंगावर इतकी भोकं की मोजायला बसलात तर सकाळची संध्याकाळ होईल. भोकं पडलेल्या फळ्याने एवढा रुबाब कशाला करावा, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यासमोर उभं राहिल्याशिवाय या शहरातली शहाणी माणसं बिझनेस स्कूलचा अर्ज भरत नाहीत. तेव्हा थोडा रुबाब मी करणारच.

झाडाच्या सालीचा भुगा डिंकात कालवून, दाबून मला बनवलं. माझं पहिलं काम बसडेपोत होतं. चालकांच्या ड्यूटीच्या याद्या माझ्यावर लागायच्या आणि त्या वाचून चालक जे काही बोलायचे, ते मी तुम्हाला सांगणार नाही. अकरा वर्षांनी डेपोत पडदा आला, त्यावर नावं आपोआप उमटू लागली आणि मला भिंतीकडे तोंड करून गोदामात उभं केलं. शिक्षा झालेल्या मुलासारखा मी तिथे दोन वर्षं उभा होतो. मग एके दिवशी काकांनी मला सरळ केलं, बोटाने टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "हा चालेल."

काका नात्याने माझे तर नाहीतच, तसे ते कोणाचेच काका नाहीत. ते सल्लागार. चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. बिझनेस स्कूलला जायचं असेल तो आपले प्रवेश परीक्षेचे गुण आणि नोकरीचा दाखला घेऊन त्यांच्याकडे येतो, आणि प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हे काका त्याला तोंडावर सांगतात. सगळ्यांचा डोळा एकाच ठिकाणावर असतो. गावाबाहेर टेकडीवर एक संस्था आहे, तिथून बाहेर पडलेल्याला नोकरी शोधावी लागत नाही म्हणतात. फाइली, फोन आणि स्वतः काका, ही तिन्ही खाती काकांची धाकटी बहीण सांभाळते. तिला सगळे ताई म्हणतात.

माझं काम कसं चालायचं, ते नीट ऐका. काकांनी माझ्या अंगावर पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर रेघा आखल्या. खालच्या कडेला परीक्षेचे गुण, उभ्या कडेला नोकरीची वर्षं. टेकडीवर प्रवेश मिळालेल्या प्रत्येकाची त्याच्या जागी हिरवी टाचणी, नकार मिळालेल्याची लाल. नवा माणूस आला की काका त्याच्या जागी पांढरी टाचणी टोचायचे, तिच्यावर डाव्या हाताचा पंजा पसरायचे आणि पंजाच्या कडेने पेन्सिल फिरवायचे. मग हात काढून आतल्या टाचण्या मोजायचे. दहा असतील आणि त्यांत आठ हिरव्या असतील, तर दहात आठ. झालं. ना लांबण, ना गोलगोल बोलणं.

काकांचा एक नियम होता आणि तो त्यांना फार प्रिय होता. ऐकीव टाचणी लावायची नाही. ज्याने स्वतः येऊन निकाल सांगितला, त्याचीच टाचणी लावायची. हंगाम संपला की उरलेल्या पांढऱ्या टाचण्या काढून टाकायच्या. अमक्याला मिळालं म्हणे, तमक्याचं हुकलं म्हणे, असल्या बातम्यांना माझ्या अंगावर थारा नव्हता. या नियमामुळे मी शंभर नंबरी खरा आहे, असं काका सांगायचे आणि मलाही ते पटायचं.

काय दिवस होते ते! निकालाच्या हंगामात जिना वाजत राहायचा. कोणी मिठाई आणायचं, कोणी आईला घेऊन यायचं आणि आई माझ्यासमोर उभी राहून लेकाची टाचणी शोधायची. माझ्यासोबत फोटो काढून घेणाऱ्यांची तर गणतीच नाही. एका पठ्ठ्याने काका पाणी प्यायला वळल्याचं पाहून आपली पांढरी टाचणी दोन बोटं उजवीकडे सरकवली होती. काकांनी न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "छान. आता असंच तिकडे जाऊन परीक्षकालाही सरकव." तो कानापर्यंत लाल झाला. मी मात्र वर्षागणिक हिरवा होत गेलो आणि माझा भाव वधारत गेला. सोळा वर्षं असं चाललं.

मग एका दुपारी धुलाईवाल्या बाई आल्या.

त्या एका मोठ्या रुग्णालयाचा धुलाई विभाग सांभाळत होत्या. वय चौतीस, हाताखाली बावीस माणसं, बोटांची टोकं साबणाने सुरकुतलेली. त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, आमच्या साहेबांनी शिकायला दोन वर्षांची रजा मंजूर केली आहे. पण फक्त या वर्षापुरती. पुढच्या वर्षी धुलाई ठेकेदाराकडे जाणार. मग मला रजाही नाही आणि ही जागाही नाही. एकदाच उडी मारायची आहे, तेव्हा खरं काय ते सांगा."

काकांनी टाचणी टोचली, पंजा ठेवला, पेन्सिल फिरवली. आत दहा टाचण्या. आठ हिरव्या, दोन लाल.

"दहात आठ," काका म्हणाले. "इकडेतिकडे अर्ज भरत बसू नका. एकच भरा, टेकडीवरचा, आणि मन लावून भरा."

मी छाती फुगवली. एवढं ऐकलं की लोक उठायचे, काकांचा हात हातात घ्यायचे आणि जिन्यावर पाय वाजवत जायचे. बाई उठल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्या माझ्याकडे बघत बसल्या. डाग निघाला की नाही हे बघावं, तसं त्या मला बघत होत्या.

"ही लाल टाचणी लावायला तुम्हाला कोण सांगतं?" त्यांनी विचारलं.

"ज्याला नकार आला, तोच."

"म्हणजे तो इथे येतो? स्वतःहून?"

"यायलाच हवं. ऐकीव टाचणी आम्ही लावत नाही." काकांनी हे नेहमीच्या अभिमानाने सांगितलं.

बाईंनी रेघेतल्या दोन लाल टाचण्यांवर बोट ठेवलं. "आमच्याकडे सगळे सांगायचे, चादर दोनशे धुण्यांपर्यंत टिकते," त्या म्हणाल्या. "मीही सांगायचे. कारण खाली धुवायला येणारी प्रत्येक चादर धडधाकट असायची. एकदा कामाला म्हणून वर वॉर्डात गेले, तर तिथे फाटक्या चादरींची फडकी करून फरशी पुसत होते. फाटली की ती खाली येतच नव्हती, काका. आम्ही आपल्या आलेल्या चादरी मोजत बसलो होतो."

"माणसं म्हणजे चादरी नव्हेत," काका जरा तुटकपणे म्हणाले.

"नव्हेतच. चादरीला लाज वाटत नाही."

मित्रांनो, मला तेव्हा बाईंचा भयंकर राग आला होता, हे कबूल करतो. कालची आलेली बाई सोळा वर्षांच्या फळ्याला शिकवते! काकांचाही चेहरा उतरला. पण ताई उठल्या आणि त्यांनी फाइलींचा खण ओढला. पेन्सिलीच्या रेघेच्या आत यापूर्वी ज्यांची ज्यांची पांढरी टाचणी लागली होती, त्यांची नावं त्यांनी काढली. निकाल न सांगता गेलेले सोळा जण निघाले. सोळा! आणि माझ्यावर टाचण्या होत्या दहा.

"दोन दिवस द्या," ताई बाईंना म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ताई फोन लावत होत्या. दोघांचे नंबर बदलले होते. चौदा जण बोलले. एका मुलीला प्रवेश मिळाला होता, ती लगेच परगावी गेल्यामुळे सांगायचं राहून गेलं होतं. उरलेल्या तेरा जणांना नकार आला होता. ताई फोन ठेवायच्या, नुसती मान हलवायच्या, आणि काका एक लाल टाचणी उचलायचे.

त्यातला एक जण आता छपाईचा व्यवसाय करतो. ताईंनी त्याचा फोन काकांनाही ऐकू येईल असा मोठ्याने लावला होता. तो म्हणाला, "तुम्ही दहात आठ म्हणाला होतात ना. मला वाटलं, उरलेल्या दोघांत नेमका मीच. एवढी चांगली संधी घालवली, आता काकांना तोंड कसं दाखवायचं? तुमच्या गल्लीतून मी सहा वर्षं गेलेलो नाही."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्या खाली चष्म्याचं दुकान असूनही ती काच त्यांनी शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसली. मग ते फोनजवळ वाकले. "तू एकटा नव्हतास, बाळा. तुम्ही तेरा जण होता. चूक माझ्या मोजणीत होती. ये केव्हाही."

लाल टाचणी टोचताना हिरव्या टाचणीपेक्षा जास्त दुखत नाही. तरी त्या दिवशी मला प्रत्येक टाचणी दुखली. या माझ्या अंगाकडे बोट दाखवून काकांनी कितीतरी जणांना एकच अर्ज भरायला लावला होता, आणि मी फुगून बसलो होतो. मला लाज वाटली. फळ्याला लाज वाटते, मित्रांनो.

शेवटी पंजाच्या आत चोवीस टाचण्या झाल्या. नऊ हिरव्या, पंधरा लाल.

काकांनी बाईंना स्वतः फोन करून बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं, "दहात आठ नाही. दहात चारसुद्धा नाही. मी चुकीचं सांगितलं होतं."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. खिडकीखाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज येत राहिला. दहात आठ ऐकून त्यांनी घरी काय काय ठरवलं असेल, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं. मग त्यांनी पर्समधून वही काढली. "आणखी कुठे कुठे भरता येईल? मुदत किती आहे?"

"पाच आठवडे. कालव्याकाठी एक संस्था आहे, चांगली आहे. आणि जुन्या बाजारामागची एक. तीन अर्ज होतील, पण घाम निघेल."

"घामाचं मला सांगू नका. आमच्या इस्त्रीखात्यात या एकदा."

मग आमच्या खोल्यांत असं काम झालं की काय सांगू. बाईंच्या निबंधात आधी नेतृत्व, ध्येय, आव्हान असले भरजरी शब्द होते. काकांनी त्या सगळ्यांवर काट मारली आणि म्हणाले, "चादरींचं लिहा." बाईंना ते अगदीच घरगुती वाटलं. "काका, बिझनेस स्कूलला मी फडक्यांची गोष्ट सांगू?" "मला सांगितलीत तेव्हा माझी सोळा वर्षं हलली," काका म्हणाले, "त्यांचंही काहीतरी हलेल." ताईंनी दोन शिफारसपत्रांसाठी रुग्णालयात सात वेळा फोन केले. तिन्ही अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेले. दरम्यान फाइलींचा अख्खा खण उपसला गेला आणि मी डोक्यापासून पायापर्यंत लाल-हिरवा झालो. आधीइतका देखणा मी राहिलो नाही.

निकालाच्या दिवसांत एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाई आल्या. कामाचा निळा कोट अंगावरच होता, हातात दोन पत्रं होती, तिसरं अजून यायचं होतं. काका उभे राहिले. आमच्याकडे दुसरे दोन उमेदवार बसले होते, तेही बघू लागले.

"कालव्याकाठी मिळालं," बाई म्हणाल्या.

ताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकांचा जीव भांड्यात पडला, माझाही पडला. तो एकच अर्ज भरला असता तर काय झालं असतं, हे त्या दुसऱ्या पत्रात होतं. टेकडीवरच्या संस्थेने दोन ओळींत दिलगिरी व्यक्त केली होती.

काका म्हणाले, "ते सोडा हो. कालव्यासाठी आपण नवा फळा आणू. पहिली हिरवी तुमची."

"ती लावाच," बाई म्हणाल्या, "पण आधी लाल द्या."

त्यांनी काकांच्या हातून टाचणी घेतली आणि पांढरी टाचणी काढून तिच्या जागी लाल स्वतःच्या अंगठ्याने दाबली. मग मागे सरकून ती सरळ लागली का, ते पाहिलं. खुर्चीतला एक उमेदवार हळूच म्हणाला, "तुम्ही नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं?" बाईंनी विचारलं. "तुम्ही आता याच फळ्यावर बघून ठरवणार ना?"

बाई घड्याळ बघून खाली उतरल्या, कारण दोन वाजता चादरींची गाडी यायची होती.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, ओलीपासून जपा, असं मी सांगणार नाही, तेवढं ताई बघतात. मी अजूनही लोकांना शक्यता सांगतो आणि आता छाती फुगवायला मला आधीपेक्षा चांगलं कारण आहे. तुम्हीही कधी कुठेतरी अर्ज कराल आणि कोणी तुम्हाला भरघोस आशा दाखवेल, तेव्हा एवढंच विचारा की जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं. आणि तुम्हालाच नकार आला, तर तोंड लपवू नका. येऊन सांगा. तुमच्यानंतर येणाऱ्याला त्याची गरज असते.

गेल्या हंगामात एकतीस जण नकार सांगायला आपल्या पायांनी जिना चढून आले. त्यांत सगळ्यात पहिला होता तो छपाईवाला. त्याची लाल टाचणी आम्ही फोनवरच लावून टाकली होती. तरी त्याने ती उपटली, आणि पुन्हा स्वतःच्या हाताने लावली.