नऊ नंबरचं चाक

"सही करा, मॅडम. नुसती सही तर करायची आहे," चौधरी साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि टेबलावरचा कागद आणखी दोन बोटं पुढे सरकवला.

रंजिता महाजननं तो पुन्हा एकदा वाचला. कागद बऱ्हाणपूरच्या पाणीपुरवठा कचेरीच्या हिंदीत होता, पण मतलब सरळ होता. अकरा तारखेला सकाळी संगणकाच्या पडद्यानं नऊ नंबरचा वाल्व्ह बंद करायला सांगितलं, चावीवाला सुपडू दगा पाटील यानं निष्काळजीपणे तो उघडा ठेवला, त्यामुळे टाकी रिकामी झाली आणि दोन आळ्या दिवसभर कोरड्या राहिल्या. खाली साहेबांची सही झालेली होती. इंदूरच्या कंपनीचा इंजिनीअर विपुल, त्याचीही झालेली होती. तिसरी जागा रिकामी होती, ‘संगणक ऑपरेटर’ म्हणून.

सुपडूभाऊ दाराशी उभे होते. कोणी खुर्ची दिली नव्हती आणि दिली असती तरी ते बसले नसते. महिनाअखेरीला त्यांची नोकरी संपत होती. एकतीस वर्षं शहराला पाणी सोडलं आणि जाता जाता कपाळी हा डाग लागणार होता.

रंजितानं पेनाला टोपण लावलं.

"मी नाही करत."

"म्हणजे?"

"म्हणजे सुपडूभाऊंची चूक नाही. पडद्याची आहे. खोट्या कागदावर मी सही करत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. रंजिता कंत्राटी, दर वर्षी मुदत वाढवून घेणारी. चौदा वर्षांत तिनं ‘नाही’ हा शब्द या खोलीत उच्चारला नव्हता. तो उच्चारायला जो आवाज लागतो तो आपल्यात आहे, याचं तिलाच थोडं नवल वाटलं.

आता हे पडद्याचं प्रकरण नीट सांगायला हवं. टाकीतून शहराकडे जाणाऱ्या पाइपांवर चौदा वाल्व्ह. रस्त्यातल्या खड्ड्यात ते बसवलेले, वर लोखंडी झाकण. चावीवाला पहाटे पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघतो, झाकण उघडून चावी खाली वाल्व्हच्या डोक्यावर बसवतो आणि वरची आडवी दांडी दोन्ही हातांनी फिरवतो. किती फिरवायची ते आट्यांवर. दांडीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. कुणाला चार आटे पाणी, कुणाला नऊ. एक आटा जास्त झाला की वरच्या आळीच्या बायका कचेरीत हजर.

हे आटे रोज संगणकात भरायचं काम रंजिताचं. चौकोनात आकडा टाइप करायचा. ती चार ऐवजी चौदा टाकायची, चावीवाले फोनवर सांगताना चुकायचे, आणि आकडा पाहून कोणालाच काही दिसायचं नाही. म्हणून सहा वर्षांपूर्वी मुलगी गायत्री कॉलेजात शिकायची त्या पुस्तकातून, तिच्याच जुन्या लॅपटॉपवर, आई पायथन ही संगणकाची भाषा शिकली. घरात हसं झालं. नवरा म्हणाला, बुढी घोडी लाल लगाम. रंजितानं पोळीवर पोळी लाटत ते ऐकून घेतलं आणि रात्रीची भांडी त्याच्याकडे दिली.

तिला पडद्यावर चाक हवं होतं. माउसनं पकडून गरगर फिरवायचं, आणि आटे आपोआप मोजले जायचे. तयार सामानात बटण होतं, चौकोन होता, सरकपट्टी होती. चाक नव्हतं. मग तिनं कोऱ्या कॅनव्हासवर स्वतः काढलं. गोल, त्याला आडवी दांडी, माउस जाईल तिकडे फिरणारी. दिसायला झकास झालं. पण फेरा पूर्ण व्हायच्या जागी तीनशे एकोणसाठ अंशांवरून दांडी शून्यावर यायची आणि संगणकाला वाटायचं, चाक एका दमात अख्खं उलटं फिरलं. झालेला आटा पुन्हा शून्य. महिनाभर तिनं डोकं आपटलं.

शेवटी तिनं सुपडूभाऊंनाच विचारलं, तुम्ही आटे कसे मोजता? त्यांनी चावीच्या दांडीला एका टोकाशी बांधलेली लाल चिंधी दाखवली.

"ही चिंधी मह्यापाशी परत आली का एक आटा."

"पण दांडी तिथंच मागंपुढं झाली तर? चिंधी तर तिथंच दिसते."

"ताई, चिंधी कुठी हाये ते पाहूच नये. ती कोन्या बाजूनं गेली ते पाहावं. मंग चुकत नाही."

रंजिता घरी आली, चपला तशाच पायात ठेवून लॅपटॉप उघडला. दांडी कुठे आहे हे न विचारता प्रत्येक हालचालीला ती जवळच्या बाजूनं किती सरकली एवढंच मोजलं आणि बेरीज करत गेली. चाक चालू झालं. तिनं त्याच्या दांडीला एक छोटी लाल चिंधी काढली. त्याची काही गरज नव्हती, पण काढली.

चौदा वाल्व्हांची चौदा चाकं झाली. त्यातलं नऊ नंबरचं उलटं. सिंधीपुऱ्यातल्या पिंपळाजवळचा हा वाल्व्ह कोण्या काळी कोणीतरी उलट्या आट्यांचा बसवला होता. बाकी सगळे उजवीकडे फिरवले की बंद होतात, हा डावीकडे. कागदावर कुठेच नोंद नाही. सुपडूभाऊंच्या हाताला माहीत, आणि सहा वर्षांपासून रंजिताच्या चाकाला.

मग कंपनी आली. मोठा पडदा, रंगीत नकाशा, प्रत्येक वाल्व्हला एक सरकपट्टी आणि एक बाण. चावीवाल्यांच्या मोबाइलवरही तेच; वाल्व्ह फिरवला की त्यांनी पट्टी सरकवायची. चाकं नाहीत. आट्यांऐवजी टक्के. इंदुरात बसून बऱ्हाणपूरच्या पाण्याच्या शेळ्या उंटावरून हाकायच्या. नऊ नंबर उलटा आहे हे रंजितानं पहिल्याच दिवशी सांगितलं. विपुल वाईट मुलगा नव्हता. म्हणाला, "मॅडम, नोट कर लिया. नेक्स्ट अपडेटमध्ये टाकतो ना." साहेबांनी सगळ्या चावीवाल्यांना बोलावून बजावलं, पडदा सांगेल तसंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. सुपडूभाऊ बोलायला गेले तर त्यांना सगळ्यांसमोर गप्प केलं. रंजिताची चाकं कचेरीच्या संगणकावरून पुसायला लावली.

आणि अकरा तारीख उजाडली. नऊ नंबर एकूण तेरा आट्यांचा, पाणी द्यायचं साडेसहा. बंद करायची वेळ झाली तेव्हा सुपडूभाऊंच्या मोबाइलवर बाण उजवीकडे दाखवत होता. एकतीस वर्षं ज्या हातानं तो वाल्व्ह डावीकडे बंद केला होता, तो हात त्या दिवशी थबकला.

"हात डावीकडंच चालला होता," ते आता दाराशी उभे राहूनच म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "मी म्हनलं, साहेबांनी चौघांत झापलं हाये. मह्या माघारी वाल्व्ह बदलला असन. साडेसहा आटे उजवीकडं फिरवला तं अटकला. बंद झाला का अटकतेच. पान्याचा आवाज वाढला होता, तो ऐकूबी आला. मी हातालेच दटावलं, ताई. म्हनलं, म्हातारा झाला तू."

बंद करायला साडेसहा, आणि पूर्ण उघडायलाही साडेसहा. वाल्व्ह दोन्हीकडे सारखाच अडकतो. सुपडूभाऊंनी मोबाइलवरची पट्टी शून्यावर नेली, पडद्यावर हिरवी अक्षरं आली, ‘बंद’, आणि टाकी दुपारपर्यंत कोरडी खडखडीत झाली.

"हे सगळं ठीक आहे," साहेब म्हणाले, "पण त्याचा पुरावा काय? तुमचं ते घरचं खेळणं?"

खेळणं! रंजितानं टेबलावरचा कागद उचलला.

"पुरावा सिंधीपुऱ्यात आहे, साहेब. खड्ड्यात. तुम्हाला माझी सही हवी ना? चला मग. चावी विपुल सर फिरवतील. पडदा सांगेल तश्शी. वाल्व्ह बंद झाला तर मी तिथंच, गुडघ्यावर कागद ठेवून सही करते."

सही तर हवीच होती; वरच्या कचेरीत तिच्यावाचून कागद पुढे सरकत नव्हता. साहेबांनी जीप काढायला सांगितलं.

अकरा वाजले होते. पिंपळाखाली झाकण उघडलं गेलं तशा चार खिडक्या उघडल्या. खड्ड्याला लागून गोदाबाईंचं घर, त्यांचा नळ ओट्यावरच. सुपडूभाऊंनी वाल्व्ह साडेसहा आट्यांवर आणून ठेवला, चावी विपुलच्या हातात दिली आणि चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. नळाला पाणी आलं.

"अवो, आज दुपारीबी पानी सोडून राह्यले का?" गोदाबाई घरातून धावत आल्या आणि त्यांनी बादली लावली.

"काकू, बंद करायलाच आलो आहोत," रंजिता म्हणाली. "पाणी कमी झालं की सांगा."

विपुलनं मोबाइल पाहिला. बाण उजवीकडे. शर्टाच्या बाह्या वर करून त्यानं दांडीला जोर लावला. एक. दोन. तिसऱ्या आट्याला त्याला घाम फुटला. दांडीवरची लाल चिंधी त्याच्या छातीपाशी यायची, पलीकडे जायची. खड्ड्यातून आवाज भरत चालला. सहावा आटा, वर अर्धा, आणि दांडी अडकली.

"हो गया," विपुल धापा टाकत म्हणाला. त्यानं मोबाइलवरची पट्टी शून्यावर सरकवली तशी हिरवी अक्षरं आली. त्यानं तो साहेबांसमोर धरला. "देखिए सर, बंद."

"कायचं बंद?" ओट्यावरून गोदाबाई ओरडल्या. "बादली उलटून राह्यली माही! असं पानी तं लग्नातबी नाही आलं!"

नळाची धार बादलीतून उसळून ओट्यावर, ओट्यावरून रस्त्यावर आली होती. साहेबांचे बूट भिजले. खिडकीतलं कोणीतरी खुसकन हसलं.

सुपडूभाऊ पुढे आले, त्यांनी विपुलच्या हातातून चावी घेतली आणि डावीकडे फिरवायला सुरुवात केली. पडद्याकडे पाहिलं नाही, खड्ड्याकडेही नाही. पूर्ण तेरा आटे. नळ बारीक झाला, थेंबाथेंबानं गळाला, थांबला. मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि झाकण लावलं.

तो कागद साहेबांनी फाडला नाही. साहेब लोक कागद फाडत नसतात. घडी घालून खिशात ठेवला, आणि दोन दिवसांनी नवा आला. त्यात ‘तांत्रिक कारण’ लिहिलं होतं, सुपडू दगा पाटील हे नाव नव्हतं. त्यावर रंजितानं सही केली. आठवड्यानं तिला दुसरा कागद मिळाला. महिनाअखेरीपासून तिची मुदत वाढणार नव्हती. कारण लिहिलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नाही. एकदाच, घरी मोरीत नळ सोडून, ती पोटभर रडली.

तीस तारखेला विपुल तिच्या टेबलापाशी घुटमळला.

"मॅडम, आपका वो व्हील... मला पाहिजे. चावीवाले ऐकत नाहीत. म्हणतात, चक्का लाओ, नाही तर पहिल्यासारखं वहीवर लिहू. सरकपट्टी कोई छूता ही नहीं."

रंजितानं पेनड्राइव्ह पुढे केला आणि मागे घेतला.

"देते. पण सगळ्यात वर दोन ओळी आहेत. त्या काढायच्या नाहीत."

त्यानं तिच्याच संगणकावर फाइल उघडली. वर दोन ओळी देवनागरीत होत्या. मशीन त्या वाचत नाही, त्या पुढच्या माणसासाठी असतात. विपुलनं हळूहळू, अडखळत वाचल्या. ‘मोजण्याची पद्धत: सुपडू दगा पाटील, चावीवाला. चिंधी कुठे आहे ते पाहू नये, कोणत्या बाजूनं गेली ते पाहावं.’

"आणि आपलं नाव, मॅडम?"

"हात त्यांचा आहे. मी चित्र काढलं."

"नहीं काटूँगा," विपुल म्हणाला. "कोणी म्हटलं तरी."

एकतीसला सुपडूभाऊंना शाल, नारळ, चार भाषणं. साहेबही गोड बोलले. कंत्राटी माणसाला निरोप नसतो, म्हणून रंजिता आपल्या खोलीत खण रिकामा करत बसली होती. शाल खांद्यावर तशीच घेऊन सुपडूभाऊ आत आले. दुसऱ्या खांद्यावरच्या चावीची दांडी दाराला लागून खणकन वाजली.

"ताई, तुमचं ते चाक मी कधी हात लावून पाह्यलं नाही."

तिनं खुर्ची ओढून दिली. या वेळी ते बसले. घरून आणलेल्या लॅपटॉपवर साडेसहा आटे उघडा असलेला नऊ नंबर समोर आणून तिनं माउस त्यांच्या हाताखाली ठेवला. लोखंडानं घट्टे पडलेला तो हात माउसवर मावत नव्हता. ते डावीकडे फिरवू लागले. पडद्यावरची छोटी लाल चिंधी वर गेली, पलीकडून खाली आली, परत त्यांच्यापाशी. त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते. साडेसहाला चाक अडलं, तिनं अडायला शिकवलं होतं तसं.

"बराबर हाये," ते म्हणाले. "हाताले पटलं."

मग उठून त्यांनी चावीच्या दांडीवरची लाल चिंधी सोडायला घेतली. गाठ जुनी होती, सुटेना, दातांनी ओढून सोडली. तिच्या हातात ठेवली.

"चावी हाफिसची, ते ठेवून घेतीन. चिंधी माही हाये."

संध्याकाळी रंजितानं कचेरीच्या आवारात स्कूटी काढली, हँडलच्या डाव्या टोकाला चिंधी बांधली आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली. साहेब गॅलरीत उभे होते. तिनं वर पाहिलं, किक मारली, आणि फाटकातून बाहेर पडून हँडल डावीकडे वळवलं.