राफाएल मोराचा मोसम

१९०७ साली व्हर्नन्सबर्गच्या बेसबॉल संघाने सगळ्या गावाला खुळं करून सोडलं. मागची तीन वर्षं हा संघ शेवटून पहिला यायचा. एप्रिलात त्याची नुसती थट्टा चालली होती. जुलैत तो तिसरा झाला, ऑगस्टअखेर दुसरा, आणि सप्टेंबरातल्या शेवटच्या शनिवारी क्लेबर्नला हरवलं की थेट अव्वल. ओहायो नदीवरचे नावाडी धक्क्याला दोर टाकायच्या आधी विचारायचे, "काल काय झालं?"

आणि हे सगळं कुणामुळे, तर राफाएल मोरामुळे. क्यूबाचा पोरगा, गव्हाळ, सडपातळ. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधून त्याने एकही चेंडू जाऊ दिला नाही. इंग्रजीचं अक्षर कळत नाही म्हणे. कुणी पाठ थोपटली की हसायचा आणि मान डोलवायचा.

राफाएल मोराने क्यूबा नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं. त्याचं नाव ल्यूशन टिलरी. व्हर्नन्सबर्गपासून आगगाडीने दोन तासांवर, वीटभट्टीच्या मागे, काळ्या लोकांचं एक लाकडी चर्च होतं. तिथले पाद्री अँब्रोज टिलरी हे त्याचे वडील. आईकडून रंग उजळ आलेला, आई मात्र तो पाच वर्षांचा असतानाच गेलेली.

गोऱ्यांच्या संघात काळ्याला जागा नव्हती. कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. संघाचा व्यवस्थापक हॉब कीग मार्चमध्ये स्वतः टिलरींच्या स्वयंपाकघरात येऊन बसला होता.

"क्यूबाचा म्हणून खेळवतो. अट एकच, तोंड उघडायचं नाही. उघडलं की तुझं बोलणंच तुझं गाव सांगेल."

तो गेल्यावर अँब्रोज म्हणाले, "पेत्राने येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, ल्यूशन. आणि कोंबडा आरवला."

"मी कुठे नाकारतोय बाबा? नुसता गप्प बसतोय."

"आणि मी?"

"तुम्हीपण बसा. आयुष्यात एकदा बसून बघा तरी, जमतंय का!"

अँब्रोजना हसू आलं, आणि हसण्याच्या नादात होकार निघून गेला. पोरगा विटा वाहत म्हातारा व्हावा, असं त्यांना तरी कुठे वाटत होतं? बोलीप्रमाणे ते दर शनिवारी आगगाडीने यायचे, उजव्या कोपऱ्यातल्या काळ्यांच्या उघड्या बाकांवर उन्हात बसायचे आणि मूग गिळून पोराचा खेळ बघायचे. सोबतीला सिस्टर ओडेसा प्रूट असायच्या. चर्चच्या वडीलधाऱ्या, धोबीकाम करून हात सोलवटलेल्या, जिभेला मात्र धार.

"पाद्रीबाबा, टाळी तरी वाजवा. सगळे वाजवताहेत. तुम्हीच नाही वाजवलीत तर उलट संशय येईल."

"हात धरूनच ठेवलेले बरे, सिस्टर. टाळीपाठोपाठ तोंड उघडतं."

त्या तोंडाची ख्याती होती. अँब्रोजबाबांचं प्रवचन सुरू व्हायचं ते बाजारभाव सांगावा तसं, साधं, खाली मान घालून. मग कुठल्याशा शब्दाला नकळत सूर लागायचा. तो सूर पुढच्या वाक्याला धरायचा, वाक्य वाक्याला, आणि बघता बघता बोलणं सरून नुसतं गाणं उरायचं. ते गाणं एकट्याचं नसायचंच मुळी. बाबांनी अर्धी ओळ फेकायची, लोकांनी उरलेली झेलायची. "नदी रुंद आहे, मला पार कोण नेईल?" अशी बाबांची हाक गेली की सगळं चर्च उत्तर द्यायचं, "तोच नेईल, बाबा, तोच!" पुढच्या बाकावरचा चार वर्षांचा ल्यूशन सगळ्यांच्या आधी ओरडायचा. नवव्या वर्षी विषमज्वरात चार दिवस डोळा उघडला नव्हता, तेव्हाही उशाशी बाबा गुणगुणले की ओठ हलायचे. पोराला ते शिकवलेलं नव्हतं. श्वासासारखं होतं ते.

शेवटचा शनिवार उजाडला. मैदानात मुंगीला जागा नव्हती. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या संघाचा माणूस पुढच्या रांगेत चिरूट ओढत बसला होता. आज राफाएल चांगला खेळला की पुढच्या मोसमाचा करार त्याच्या खिशात तयार होता.

सातव्या डावात ल्यूशन बॅट घेऊन उभा राहिला. धावसंख्या दोन-दोन, आणि व्हर्नन्सबर्गचा एक गडी तिसऱ्या बेसवर. क्लेबर्नच्या गोलंदाजाने चेंडूला थुंकी लावली, फेकला, आणि तो वळायच्या ऐवजी सरळ आत, त्याच्या डोक्यावर आला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला. ल्यूशन मातीत पडला आणि हलला नाही.

सगळं मैदान उभं राहिलं. डॉक्टर बॅग घेऊन धावले. गुडघ्यावर बसून त्यांनी नाडी धरली आणि ओरडले, "हाका मारा त्याला! मारत राहा! त्याच्या भाषेत कुणाला बोलता येतं?"

कुणालाच येत नव्हतं. कीग आणि खेळाडू भोवती वाकून ओरडत होते, "राफाएल! राफाएल!"

अँब्रोज कठड्याशी कधी आले ते त्यांचं त्यांना कळलं नाही. त्यांच्या मनात एकच आलं. ज्याला हाका मारताहेत तो इथे नाहीच. मग ओ कोण देणार?

"पाद्रीबाबा," सिस्टर ओडेसांनी त्यांचा कोट घट्ट धरला. "थांबा हो. दोन मिनिटं थांबा. तो चिरूटवाला बघतोय."

"माझं पोर जातंय, सिस्टर."

"आणि नाही गेलं तर?"

त्यांनी कोट सोडवला. सहा महिने दाबून ठेवलेला आवाज छातीतून निघाला तो पार पलीकडच्या कुंपणाला जाऊन भिडला.

"नदी रुंद आहे, मला पार कोण नेईल?"

हजारो माणसं चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत, मातीत तोंड असलेल्या राफाएल मोराने, डोळे मिटलेलेच असताना, स्वच्छ, लांब ओढलेल्या, वीटभट्टीमागच्या इंग्रजीत उत्तर दिलं, "तोच नेईल, बाबा, तोच."

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर काळा आहे!" मग मैदानात बाटली येऊन पडली. चिरूटवाल्याने टोपी घातली आणि कुणाशीही न बोलता तो निघून गेला.

ल्यूशनला एका फळीवर घालून सामानाच्या खोलीत नेलं. आता तो पुरता शुद्धीवर होता. म्हणूनच तो भिंतीकडे तोंड करून पडला. बाहेर अँब्रोज टोपी हातात घेऊन डॉक्टरांसमोर उभे होते.

"वाचेल ना हो?"

"वाचेल म्हणजे? त्याला झालंय काय!" डॉक्टर हात धूत म्हणाले. "नाडी पहिल्यापासून घोड्यासारखी चालत होती. पाचएक मिनिटांत आपणहून उठला असता."

"मग हाका मारा म्हणालात ते?"

"गर्दी अंगावर येत होती. तिला काहीतरी काम द्यायला नको?"

बुधवारी संघांच्या मंडळाचा निकाल आला. राफाएल मोरा खेळला ते सगळे सामने हरल्याचे धरले गेले. व्हर्नन्सबर्ग दुसऱ्यावरून आठवा, म्हणजे शेवटचा. कीगची नोकरी गेली. वर्तमानपत्रांनी चार दिवस चित्रं काढली, पाचव्या दिवशी विसरली.

घरी ल्यूशन तीन दिवस खाटेवर पडून होता. चौथ्या दिवशी अँब्रोजनी त्याच्यासमोर घेवड्याचं सूप ठेवलं, तेव्हा तो म्हणाला, "एका परीने बरंच झालं बाबा. जीव वाचला. तुम्ही नसतात तर तिथेच संपलो असतो. मी रोज स्वतःला हेच सांगतोय."

अँब्रोज खुर्चीत बसले. हे एवढं एक वाक्य पोराने कुठून कुठून गोळा करून आणलं होतं. ते तसंच राहू द्यायचं, एवढंच काम होतं. पण रविवारी त्याच तोंडाने उभं राहून गायचं होतं.

"तसं नाहीये, ल्यूशन," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, तू पाच मिनिटांत आपणहून उठला असतास."

ल्यूशनने चमचा खाली ठेवला.

"हे मला सांगायची काय गरज होती?"

"खोटं कसं बोलू, बाळा?"

"खोटं बोला कोण म्हणतंय? एप्रिलपासून गप्प होतात ना? आणखी एकदा गप्प बसला असतात."

अँब्रोजना बायबलमधली वचनं पाठ होती, शेकडो. एकही पुढे येईना. त्यांनी हात पुढे केला. ल्यूशन उठला आणि मागच्या दाराने विटांच्या ढिगाऱ्यांकडे चालत गेला. सूप गार होत राहिलं.

त्या रविवारी चर्च भरलं होतं. अँब्रोज उभे राहिले, पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं. वाचून झालं तसं मिटलं.

"पाद्रीबाबा," सिस्टर ओडेसा पहिल्या बाकावरून हळूच म्हणाल्या, "गा ना."

"आज नाही, सिस्टर," ते म्हणाले, आणि खाली बसले.