पंखावरची पट्टी

सरांनी घडवलेला विमानाचा पंख म्हणजे त्या प्रयोगशाळेची शान. वाऱ्याच्या बोगद्यात तो कितीही तिरका धरा, हवा त्याच्या पाठीला शेवटपर्यंत चिकटून राहते, हा सरांचा शोध. हवा दिसत नाही म्हणून पंखावर लोकरीचे धागे लावायचे; हवा चिकटलेली असली की धागे निमूट पडून राहतात, सुटली की पिसाळल्यासारखे उडतात. निमूट धाग्यांचा एक मोठा फोटो दारावर होता, पुढची कड जरा कापली गेलेला. त्याच शोधावर सर मोठे झाले आणि त्याच्याच जिवावर त्यांची ही लाडकी विद्यार्थिनी प्रबंध लिहीत होती. तिच्या आईने तर आत्तापासूनच 'आमची डॉक्टर' सुरू केलं होतं, आणि शेजारणी गुडघेदुखीवर औषध विचारायला लागल्या होत्या.

जुने धागे झिजले म्हणून त्या दिवशी तिने ते काढायला घेतले. पुढच्या कडेला एका जाड चिकटपट्टीखाली सगळ्यांची टोकं दाबलेली होती. तिने पट्टीच ओरबाडून काढली, कड मोकळी ठेवून नवे धागे मागे एकेक करून चिकटवले आणि वारा सोडला. मधल्यापासून मागचे सगळे धागे उधळले. आपलंच काहीतरी चुकलं, असं वाटून तिने पट्टी परत लावली. धागे गप्प. काढली, की पुन्हा धिंगाणा. पट्टीला ठेचकाळून हवा खवळत होती, आणि खवळलेली हवा जास्त लांबपर्यंत चिकटून राहते. पंखात काही करामत नव्हतीच.

सर आले तेव्हा तिने सांगून टाकलं. "सर, पट्टी काढली की हवा निम्म्यातच सुटते."

कुठली पट्टी, असं सरांनी विचारलं नाही. त्यांनी चष्मा पुसला.

"प्रबंध कधी देतेस?"

"पुढच्या महिन्यात."

"मग आता हे खूळ कशाला, बाळ?" सर मायेनेच बोलले. "माझं काय, मी निवृत्त होतोय. बुडशील ती तू."

ते चहाला निघून गेले. तिला त्यांची किळस आली. या माणसाला आपण बापाच्या जागी मानलं, याची जास्त आली.

मग तिने कडेवर पट्टी लावली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि वारा सोडला. धागे निमूट पडून राहिले. फोटो काढण्याआधी तिने कॅमेरा जरा सरकवला. पुढची कड चौकटीबाहेर गेली.